भंगारात देण्यापूर्वी एक केबल लावून पाहावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत शाळांमधील जुन्या संगणकांच्या विल्हेवाटीविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. शाळांच्या अडगळीच्या खोल्या मोकळ्या व्हाव्यात आणि ई-कचरा हातगाडीवाल्याकडे न जाता अधिकृत संकलकाकडेच जावा, हा त्यातील आग्रह योग्यच आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांचीही तीच अपेक्षा आहे. मात्र त्या लेखात ओघाओघात एक वाक्य येऊन गेले आहे. ऐंशीच्या दशकातील संगणकांचा आजच्या संगणकाशी कोणताही संबंध जोडता येत नाही, सबब त्यांत काही असलेच तरी ते गेल्यात जमा आहे, असे ते वाक्य. हे विधान चुकीचे आहे. हा संबंध जोडता येतो, पाच तारांच्या एका केबलने जोडता येतो, आणि गेल्या पावसाळ्यात माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर मी तो जोडला आहे. त्या वाक्यावर विसंबून एखाद्या मुख्याध्यापकांनी कपाट रिकामे करून टाकू नये, म्हणून हे पत्र.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने देशातील निवडक माध्यमिक शाळांसाठी ‘क्लास’ या नावाने ओळखला जाणारा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी जे यंत्र निवडले, ते म्हणजे बीबीसी मायक्रो. इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता मोहिमेकरिता डिसेंबर १९८१ मध्ये ते बाजारात आणले होते. आठ बिटांचा ६५०२ प्रोसेसर, २ मेगाहर्ट्झचा वेग आणि ३२ किलोबाइटची स्मृती एवढाच त्याचा संसार. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे सुप्रभातचे एखादे चित्रही त्यात मावायचे नाही. तरीही त्याला खेळणे समजण्याचे कारण नाही. याच कंपनीच्या अभियंत्यांनी पुढे १९८५ मध्ये एआरएम हा प्रोसेसर घडवला, त्याची रंगीत तालीम त्यांनी बीबीसी मायक्रोवरच घेतली होती, आणि आज आपल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. शाळेबाहेर, ज्यांना परवडे अशा घरांत, सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम असे. पुण्याच्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन त्याची भारतीय आवृत्ती काढली होती, त्यामुळे आपल्याकडील काही डॉक्टर-वकिलांच्या माळ्यावर तो अजूनही सापडतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. आमच्याकडे असे दोन बीबीसी मायक्रो आले आणि गणिताचा शिक्षक म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. यंत्र ब्रिटिश असल्याने त्यात देवनागरीचा पत्ताच नव्हता. पण त्याच्या ‘बेसिक’ या प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषेत ‘व्हीडीयू २३’ नावाची एक आज्ञा होती. आठ आडव्या आणि आठ उभ्या घरांची चौकट कल्पावी, हवी ती घरे भरावीत, प्रत्येक ओळीतील भरलेल्या घरांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ या क्रमाने मोजून तिची बेरीज करावी आणि अशा आठ बेरजा त्या आज्ञेपुढे लिहाव्यात, की आपले स्वतःचे अक्षर तयार. वर्गातील निम्मी मुले मागवाल्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, घरची होती. जकार्ड चादरीचा मोर आधी ग्राफपेपरच्या चौकोनांत भरतात, मग त्यावरून पंचकार्डे पाडतात, हे त्यांनी लहानपणापासून घरात पाहिलेले. चौकोन भरायला त्यांना शिकवावे लागले नाही. उलट बेरजेआधीच अक्षर कसे दिसेल, हे ती मला सांगत. यंत्र एरवी अशी फक्त बत्तीसच अक्षरे एका वेळी ठेवून घेई आणि आपली चौतीस व्यंजने काही बत्तीसात बसत नाहीत, म्हणून ‘ङ’ आणि ‘ञ’ यांना आम्ही सर्वानुमते रजा दिली होती. या साऱ्या खटाटोपातून जे निर्माण झाले, म्हणजे मुलांनी केलेली अक्षरे, चादरींच्या काठांची नक्षी, पाढ्यांचे आणि व्याजाच्या हिशेबांचे प्रोग्रॅम, ते सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर साठवून कपाटात ठेवले गेले. पुढे नवे संगणक आले आणि कपाटाला कुलूप लागले.

गेल्या जुलैत शाळेतून निरोप आला, की जडसंग्रह नोंदवहीतील जुन्या वस्तूंचे निर्लेखन, म्हणजे त्या नोंदीतून कमी करणे, सुरू आहे, तुमची ती यंत्रे पाहायची असतील तर येऊन पाहा. मी गेलो. पत्र्याच्या खोलीत, जिथे मे महिन्यात भाकरी भाजावी अशी धग असते, दोन यंत्रे, एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि त्रेचाळीस फ्लॉप्या होत्या. आणखी एक खोके होते, ते आदल्या वर्षीच रद्दीच्या वजनात गेले, असे शिपाईमामांनी सांगितले. त्यात काय होते हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि माझ्या मते खरी हानी हीच आहे. यंत्रे जगात इतरत्रही आहेत. त्या खोक्यातील मजकुराची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

रीतसर पोचपावती देऊन सामान घरी आणले आणि उत्साहाच्या भरात त्याच संध्याकाळी यंत्राला थेट वीज दिली, ही माझी पहिली चूक. ओळखीचा दोन सुरांचा आवाज आला, काळ्या पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ ही अक्षरे उमटली, माझे डोळे भरून आले, आणि दहा-बारा मिनिटांनी यंत्राच्या डाव्या अंगाने पांढरा धूर येऊ लागला. घरभर सडक्या मासळीसारखा वास पसरला. सौ.ने धावत जाऊन मेन स्विच पाडला. वीजपुरवठ्याच्या डब्यात मुख्य प्रवाह गाळण्यासाठी जे कपॅसिटर असतात, त्यांच्या आवरणाला वयोमानाने बारीक तडे जातात, तड्यांतून ओल शिरते आणि इतक्या वर्षांनी अचानक २३० व्होल्ट मिळाले की ते फुटतात. यंत्राचे बाकी सहसा काही बिघडत नाही, नवे कपॅसिटर शंभर रुपयांच्या आत मिळतात. तरी ज्यांच्याकडे असे यंत्र असेल त्यांनी ते आधी जाणकाराकडून उघडून तपासल्याशिवाय प्लग लावू नये, एवढे या पत्रातून लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

दुरुस्ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने केली. त्याचे टीव्ही-दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, आणि हल्ली टीव्ही कोणी दुरुस्त करून घेत नसल्यामुळे त्याला वेळही आहे. पुढचे सगळे काम आम्ही दोघांनी मिळून केले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बीबीसी मायक्रोच्या मागील बाजूस आरएस-४२३ या प्रकारचे पाच छिद्रांचे सॉकेट आहे. ते आरएस-२३२ या अधिक प्रसिद्ध प्रमाणाचे भावंड. आरएस-२३२ हे प्रमाण अमेरिकेत १९६० मध्ये ठरले, तेव्हा टेलिप्रिंटरसारखी उपकरणे मोडेमला जोडणे हा त्याचा हेतू होता. ते संग्रहालयात गेले, असे कोणी समजू नये. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर उसाची गाडी काट्यावर चढते आणि तिचे वजन खिडकीमागच्या संगणकात आपोआप उमटते, तेव्हा तो आकडा वाहून नेणारी केबल आजही बहुधा याच जातीची असते. तिचे तत्त्व मागवाल्यांना एका वाक्यात समजेल. जकार्डचे कार्ड सगळ्या उभ्या धाग्यांना एकदम हुकूम देते, पण धोटा एका वेळी एकच आडवा धागा नेतो. सिरीयल केबल म्हणजे धोटा. अक्षराचे आठ बिट, म्हणजे ० किंवा १ अशा आठ खुणा, ती एकामागून एक पाठवते, आधी ‘सुरू’ सांगणारा एक बिट आणि शेवटी ‘संपले’ सांगणारा एक, असे दर अक्षरामागे दहा. वेग ९,६०० बिटांचा ठरवला, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. आजच्या हिशेबाने ही मुंगीची चाल आहे. पण त्या काळातली आख्खी फ्लॉपीच मुळी १०० किलोबाइटची, म्हणजे १,०२,४०० बाइटांची (एक अक्षर म्हणजे एक बाइट). ती या चालीनेही पावणेदोन मिनिटांत पलीकडे पोचते.

आजच्या संगणकाला असे पोर्ट नसते, म्हणून यूएसबीला लावायचा अडॅप्टर घ्यावा लागतो, आणि इथे माझी दुसरी चूक झाली. दुकानात ‘यूएसबी ते सिरीयल’ एवढेच मागितल्यावर जी छोटी हिरवी पट्टी मिळाली, ती मोबाइल आणि राउटर दुरुस्त करणारे वापरतात ती होती. तिच्यात ० म्हणजे शून्य व्होल्ट आणि १ म्हणजे पाच किंवा ३.३ व्होल्ट असा साधा मामला असतो. आरएस-२३२ मध्ये मात्र सगळे उलटे आणि ताणलेले: १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. आमच्या यंत्राने पाठवलेले उणे पाच व्होल्ट त्या पट्टीला सोसले नाहीत. ती गरम झाली आणि गेली. साडेतीनशे रुपये शिकवणीत गेले असे म्हणायचे. दुकानदाराचा यात दोष नाही, मागणी मोघम होती. मागताना ‘नऊ पिनांचा आरएस-२३२ अडॅप्टर’ असे स्पष्ट सांगावे. त्याच्या पोटात हा व्होल्टेजचा फरक सांभाळणारी चिप असते. ज्यांच्याकडे हिरवी पट्टीच आहे, त्यांना मॅक्स-२३२ नावाची एक स्वस्त चिप मध्ये घालूनही काम भागवता येते. ती पाच व्होल्टवर चालते आणि चार छोट्या कपॅसिटरांच्या मदतीने स्वतःच अधिक आणि उणे असे दोन्ही दाब तयार करते.

केबल जोडताना एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी यावे, इतकाच नियम. बीबीसीची बाहेर जाणारी तार अडॅप्टरच्या २ क्रमांकाच्या पिनेला, आत येणारी ३ ला, आणि शून्य व्होल्टची ५ ला. (जुन्या पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर २ आणि ३ यांची अदलाबदल असते आणि शून्य ७ वर असते, ही खोड ध्यानात ठेवावी.) आम्ही तीन तारा जोडल्या आणि यंत्र ढिम्म राहिले. कारण असे, की ‘आता पाठव’ अशी खूण समोरून मिळाल्याखेरीज बीबीसी मायक्रो एक अक्षरही सोडत नाही. जुन्या वळणाची शिस्त ती. तेव्हा अडॅप्टरची ७ क्रमांकाची तार यंत्राच्या त्या कानाशी आणि यंत्राची तशीच खूण ८ क्रमांकाशी जोडली. तरीही ढिम्म. मल्टीमीटर लावून अर्धा तास डोके खाजवल्यावर विद्यार्थ्याने प्लग काढून उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “सर, उलटंबी बसतंय की वो हे!” खरेच होते. सोंगटीच्या फाशावरील पाचाप्रमाणे मांडलेल्या पाच पिनांचा तो प्लग सरळ बसतो तसाच उलटाही बसतो, आणि उलटा बसला की काही जळत नाही, पण काही पोचतही नाही. त्यावर आम्ही पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे.

प्लग फिरवल्यावर पलीकडच्या पडद्यावर अक्षरे धावू लागली. पण ती कुठल्याही भाषेतली नव्हती, कारण यंत्र ९,६०० च्या वेगाने बोलत होते आणि माझ्याकडून संगणकावरील टर्मिनल, म्हणजे केबलवरची अक्षरे दाखवणारा आणि पाठवणारा प्रोग्रॅम, १,२०० वर राहिले होते. तो आकडा सुधारला. मग यंत्रावर ‘*एफएक्स ८,७’ असे लिहून पाठवण्याचा वेग पक्का केला, ‘*एफएक्स ३,१’ लिहून जे पडद्यावर येईल ते केबलवरही सोडण्यास सांगितले, एक फ्लॉपी लावून प्रोग्रॅम स्मृतीत घेतला आणि त्याच्या ओळी दाखवण्यासाठी ‘लिस्ट’ म्हटले. नातवाच्या लॅपटॉपवर एक ओळ आली:

१२० व्हीडीयू २३,२३९,२५५,६६,६६,६६,६२,२,२,२

त्याखाली तशीच दुसरी, तिसरी. काय आहे ते मला न मोजताच कळले, कारण प्रत्येक ओळीत अक्षराचा पहिला आकडा २५५ होता. २५५ म्हणजे आठही घरे भरलेली, ती शिरोरेषा. पुढचे ६६ म्हणजे डावीकडे एक ठिपका आणि उजवीकडे एक, तसे तीनदा. ६२ ही त्यांना खालून जोडणारी आडवी रेघ. आणि मग उजवीकडचा एकटा ठिपका तीन वेळा, तो दंडा. वाचकांनी चौकटीच्या वहीत भरून पाहावे, ‘प’ दिसेल. हा ‘प’ आठवीतील एका मुलाने किंवा मुलीने जवळपास चाळीस वर्षांपूर्वी केलेला आहे, तो त्या दिवसापर्यंत एका चुंबकीय तबकडीवर होता आणि आता माझ्या पेनड्राइव्हवर, मुलीच्या संगणकावर आणि विद्यार्थ्याच्या दुकानातही आहे.

बेसिकमधील प्रोग्रॅम असे ‘लिस्ट’ करून घेता येतात, आणि तसेच घ्यावेत, कारण फ्लॉपीवर ते साध्या मजकुराच्या रूपात नसतात. ‘प्रिंट’सारखा आख्खा शब्द तिथे एकाच बाइटात दडवलेला असतो. पण संपूर्ण फ्लॉपीची हुबेहूब प्रत हवी असेल, तर एक छोटा प्रोग्रॅम यंत्रावर चालवावा लागतो, जो तबकडीवरील एकेक तुकडा वाचून केबलने पाठवतो. तो प्रोग्रॅम यंत्रात न्यायचा कसा, हा पेच आहे; विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीतच. यावर यंत्राच्या कर्त्यांनी करून ठेवलेली सोय मला फार सुंदर वाटते. ‘*एफएक्स ७,७’ म्हणून ऐकण्याचा वेग ठरवला आणि मग ‘*एफएक्स २,१’ म्हटले, की यंत्र आपल्या कीबोर्डऐवजी केबलचे ऐकू लागते. लॅपटॉपवरून आपण जे पाठवू, ते कोणी बोटांनी टंकत असावे तसे त्याच्या पडद्यावर उमटत जाते. फक्त हे सावकाश करावे. एक ओळ पाठवून क्षणभर थांबण्याची सोय टर्मिनलमध्ये असते, ती वापरावी. कारण यंत्राने ‘थांब’ अशी खूण केल्यावरही आजचे काही यूएसबी अडॅप्टर आपल्या पोटात आधीच घेतलेली अक्षरे ओतून मोकळे होतात, आणि ती हरवतात. उलट दिशेने, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे येताना, हा त्रास नाही. नव्याचा वेग इतका आहे, की जुन्याने कितीही घाई केली तरी तो जांभई देत ऐकू शकतो. १९,२०० चा वेगही यंत्रात आहे, पण मला त्याचा भरवसा वाटला नाही.

पाठवलेले बरोबर पोचले की नाही, हे पाहण्याची रीत आमच्या वयाच्या लोकांना शाळेतच शिकवली होती: ताळा. एक्समोडेम नावाची पद्धत अमेरिकेत वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी १९७७ मध्ये बसवली, ती म्हणजे निव्वळ ताळा आहे. १२८ बाइटांचे एक पुडके करायचे, त्यातील सगळ्या बाइटांची बेरीज करून २५६ ने भागल्यावर जी बाकी उरेल ती पुडक्यामागे जोडायची, पलीकडच्याने तीच बेरीज पुन्हा करायची, जुळली तर ‘पोचले’ म्हणायचे आणि न जुळल्यास तेच पुडके पुन्हा मागायचे. अशा मागण्या-देण्यात आणि तबकडी वाचण्यात वेळ जातो, त्यामुळे पावणेदोन मिनिटांच्या फ्लॉपीला प्रत्यक्षात चारेक मिनिटे लागत. त्रेचाळीसपैकी एकतीस फ्लॉप्या पूर्ण निघाल्या, सात अर्धवट आणि पाच मुळीच नाहीत. त्या पाचांवर पांढऱ्या बुरशीचे गोल डाग होते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नये. ती स्वतः खरवडली जाते आणि ड्राइव्हचे हेड घाण करून पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पाडते. मी एक घातली, आणि नंतर हेड स्पिरिटने पुसेपर्यंत पुढची एकही वाचली गेली नाही. चांगल्या फ्लॉपीच्या बाबतीतही, ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावावी. मग यंत्राकडून चुकूनही तिच्यावर काही लिहिले जात नाही.

ज्यांच्याकडे फ्लॉपीऐवजी कॅसेट आहेत, त्यांचे काम एका अर्थाने सोपे आहे. घरगुती स्पेक्ट्रमला सिरीयल पोर्ट मुळात नव्हते, त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागे. पण त्याचे सगळे संचित साध्या गाण्याच्या कॅसेटवर असे, आणि कॅसेटवरचा तो कर्कश आवाज म्हणजे दुसरे काही नसून एकामागून एक जाणारे बिटच आहेत. आखूड स्पंद म्हणजे ०, त्याच्या दुप्पट लांबीचा म्हणजे १. चांगल्या स्थितीतील टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात तार टाकून तो आवाज ध्वनिमुद्रित करावा, मात्र एमपी-३ मध्ये नव्हे, कारण त्यात जागा वाचवण्यासाठी आवाजाचे बारकावे गाळले जातात आणि इथे बारकावे म्हणजेच मजकूर. वेव्ह फाइल करावी. त्या आवाजातून बिट वेचणारे प्रोग्रॅम फुकट उपलब्ध आहेत. बीबीसीच्या कॅसेटीही अशाच निघतात. तिथे एवढे लक्षात ठेवावे, की त्या यंत्रात कॅसेट आणि सिरीयल पोर्ट या दोहोंचे काम एकच चिप पाहते, त्यामुळे एका बाजूने कॅसेट वाचून त्याच वेळी दुसऱ्या बाजूने केबलवर सोडणे जमत नाही. आधी स्मृतीत घ्यावे, मग सोडावे.

या सगळ्याची गरजच काय, असे मला दोघांनी विचारले. पहिला प्रश्न माझ्या नातवाचा: या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम लॅपटॉपवर मिळतात, जुने खेळही त्यात चालतात, मग हा पसारा कशाला? नक्कल उत्तम असते, मी स्वतः ती वापरतो. केबलमधून निघालेल्या फ्लॉप्या मी तिच्यातच चालवून पाहिल्या. पण लंडनमध्ये विकले गेलेले खेळ जगभर जपले गेले आहेत, सोलापुरातल्या आठवी ‘ब’ च्या मुलांचे प्रोग्रॅम कोणीही जपलेले नाहीत. ते फक्त त्या कपाटात आहेत. दुसरा प्रश्न एका संगणक-विक्रेत्याचा: फ्लॉपी ड्राइव्हच आजच्या संगणकाला का लावत नाही? कारण आजच्या मदरबोर्डवर तिची जागा उरलेली नाही, आणि ज्या जुन्या पीसींवर होती त्यांतील कित्येकांना बीबीसीची विरळ पद्धतीने लिहिलेली तबकडी वाचताच येत नाही. हौशी मंडळींनी तबकडीवरील चुंबकीय चढउतार जसेच्या तसे टिपणारी यूएसबी उपकरणेही केली आहेत, आणि अर्धवट निघालेल्या माझ्या सात फ्लॉप्यांसाठी मी ती वाट धरणार आहे. पण जिथे मूळ यंत्र चालू स्थितीत आहे, तिथे ज्याने लिहिले त्याच्याकडूनच वाचून घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. माझा एकूण खर्च, जळालेली पट्टी धरून, दीड हजाराच्या आत राहिला.

माझी विनंती मोठी नाही. ज्या शाळांकडे, ग्रंथालयांकडे किंवा घरांत अशी यंत्रे, फ्लॉप्या वा कॅसेट असतील, त्यांनी निर्लेखनाच्या यादीत ‘जुने संगणक साहित्य, एक खोके’ अशी मोघम नोंद न करता त्यातील फ्लॉप्या आणि कॅसेट वेगळ्या काढून त्यांच्यावरील लेबलांसह स्वतंत्र नोंदवाव्यात आणि यंत्र संकलकाकडे जाण्याआधी त्या वाचून घ्याव्यात. यंत्र गेले की फ्लॉपी मुकी होते, म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. अशोक चौकातील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या महाविद्यालयांतील इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना, किंवा आयटीआयमधील मुलांना, हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. व्होल्टेजची पातळी, खुणांची देवाणघेवाण, ताळा हे सारे त्यांच्या अभ्यासात आहेच, इथे ते हाताने करता येते आणि शेवटी पडद्यावर खरोखरच कोणाचे तरी काही उमटते. निघालेल्या फाइली एका जागी ठेवण्याची जबाबदारी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने घ्यावी, असे मला वाटते. माझ्या एकतीस फ्लॉप्यांचा मिळून ऐवज अवघा तीन मेगाबाइट आहे. जागेची अडचण कोणी सांगू नये.

पत्र्याच्या खोलीतले उन्हाळे फ्लॉपीला मानवत नाहीत, आणि पुढचा मार्च दूर नाही. तोपर्यंत सोलापूर शहरात आणि पंढरपूर-बार्शीपर्यंत ज्या शाळा बोलावतील, तिथे रविवारी येण्याची माझी आणि माझ्या विद्यार्थ्याची तयारी आहे. आपल्या कार्यालयात चिठ्ठी ठेवल्यास ती मला मिळेल. केबल, अडॅप्टर आणि नवे कपॅसिटर आम्ही आणू. शाळेने एक भक्कम टेबल, एव्हीचे भोक असलेला एखादा जुना टीव्ही आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना तेवढे हजर ठेवावे. मागच्या वेळी आमचे दोन तास किल्ली शोधण्यातच गेले.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक,
सोलापूर